रोशाचे तेल चेहऱ्यावर कशाला?

संग्रामपूर तालुक्यात सोनाळा-टुनकी मागे टाकून उत्तरेकडे निघाले की सपाटी संपते आणि सातपुडा सुरू होतो. आधी अंबाबरवा अभयारण्य, त्याला लागून मेळघाट. सातपुड्याच्या या पट्ट्यात, वर निमाड-बैतुलपर्यंत आणि पश्चिमेला खानदेशापर्यंत, रोशा नावाचे गवत पिढ्यानपिढ्या आपसूक उगवत आले आहे. काही भागांत त्याला तिखाडी म्हणतात. पावसाळा सरता सरता ते फुलोऱ्यावर येते. तुरा बोटांत चुरडला तर आधी गुलाब जाणवतो, मागून लिंबाची हलकी झाक येते, आणि हात धुतले तरी वास लगेच जात नाही. या गवताचे तेल आता नव्या रूपात विकले जाते आहे. चेहऱ्याचे क्रीम, सीरम, कोरफडीचे जेल, बाळाच्या मालिशचे तेल यांत ते घातले जाते आणि सांगितले जाते की हे रानातले आहे, रसायन नाही, म्हणून निर्धोक आहे. शिवाय त्याने तेलकटपणा आटोक्यात येतो, मुरमे जातात, डाग फिके होतात, कांती उजळते. यात दोन दावे आहेत, एक निर्धोकपणाचा आणि दुसरा उपयोगाचा. माझ्या मते दोन्ही टिकत नाहीत. रोशाच्या तेलाचे मोल त्याच्या वासात आहे आणि ते मोल खरे आहे. पण चेहऱ्यावर लावून दिवसभर तसाच ठेवायच्या मालात त्याला जागा नाही.

आधी हे तेल आजवर कशासाठी विकले गेले ते पाहू. एकोणिसाव्या शतकात खानदेशात पिंपळनेर-नंदुरबारकडे आणि निमाडच्या जंगलांत याच्या भट्ट्या लागत. मोठ्या हंड्यात गवत दाबून भरायचे, पाणी घालायचे, खाली जाळ करायचा आणि निघालेली वाफ नळीतून नेऊन गार करायची. पाण्यावर तरंगणारे तेल वेगळे काढायचे. शंभर किलो ओल्या गवतातून जेमतेम अर्धा किलो तेल मिळते, पुष्कळदा त्याहूनही कमी. हे तेल मुंबईला येई, तिथून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. युरोपच्या बाजारात कित्येक वर्षे त्याला तुर्की जिरेनियम तेल म्हणत, कारण ते मुळात आपल्या डोंगरातल्या गवताचे आहे याचा तिथे फारसा पत्ता नव्हता. ही भेसळ खपून जाई, कारण दोन्हींत एक घटक समान आहे: जिरॅनिऑल. रोशाच्या मोतिया जातीच्या तेलात तो साधारण ७० ते ८५ टक्के असतो. औषधाच्या बाजूने पाहिले तर १८६८ च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’त हे तेल आहे, पण ते जुनाट संधिवातावर आणि शिरांच्या दुखण्यावर चोळायला. व्यापाराच्या आणि औषधाच्या जुन्या नोंदींत ठळक दिसतात ती ही दोनच कामे: वास देणे आणि दुखरा सांधा शेकल्यासारखा करणे.

मग कांती उजळण्याचा दावा आला कुठून? सुगंधी तेलांनी त्वचा टवटवीत होते, पेशी नव्याने घडतात ही मांडणी प्रामुख्याने विसाव्या शतकात फ्रान्समध्ये आकाराला आली. गातफोस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने या उपचारपद्धतीला नाव दिले, ते १९३७ च्या पुस्तकात. त्या परंपरेतल्या पुस्तिकांमधून रोशा ‘त्वचेचे तेल’ म्हणून फिरत राहिला आणि आता तोच मजकूर आपल्याकडे आजीच्या बटव्याचे लेबल लावून परत आला आहे. हे फ्रान्समधून आले म्हणून खोटे ठरत नाही. पण आपल्या पूर्वजांची साक्ष म्हणून ते पुढे करणे खोटे आहे. पुराव्यापुरते बोलायचे तर प्रयोगशाळेच्या थाळीत रोशाचे तेल काही जिवाणू आणि बुरशी मारते, यात वाद नाही. थाळीत तर लवंगेचे, ओव्याचे, निलगिरीचे तेलही मारते. थाळीत जिवंत त्वचा नसते. तिचा स्निग्ध थर, तिच्या प्रतिकारपेशी, तिच्यावर कायम वस्तीला असलेले उपयोगी जिवाणू यांपैकी काहीच नसते. चेहऱ्यावर उपयोग होतो असे म्हणायचे असेल तर एकच क्रीम तेलासह आणि तेलाशिवाय, कोणते कुठले हे लावणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला कळू न देता, पुरेशा माणसांवर पुरेसे आठवडे वापरून पाहावे लागते. रोशाच्या बाबतीत दावे भरभरून आहेत. त्यांना पेलेल असा हा पुरावा मात्र समोर ठेवला जात नाही. क्रीम लावल्यावर त्वचा मऊ वाटते ती त्यातल्या तेलामुळे, मेणामुळे, ग्लिसरीनमुळे. रोशाचे चार थेंब त्या श्रेयात फुकट वाटेकरी होतात.

उपयोग शून्य असता आणि धोकाही शून्य असता तर एवढा लेख लिहायची गरज नव्हती. धोका आहे, आणि तो ओळखला जाऊन बराच काळ लोटला आहे. वॉल्टर लार्सन या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी १९७७ मध्ये सुगंधाची अॅलर्जी तपासण्यासाठी आठ द्रव्यांचे एक मिश्रण सुचवले. ते आजही जगभरच्या त्वचारोग विभागांत पाठीवर पट्टी लावून तपासणी करताना वापरले जाते, आणि त्या आठांत जिरॅनिऑल आहे. युरोपीय संघाने २००३ मध्ये २६ सुगंधी द्रव्यांची यादी केली आणि २००५ पासून त्यांची नावे लेबलवर छापणे सक्तीचे केले. तीत जिरॅनिऑल आहे. तिथल्या वैज्ञानिक समितीने २०१२ मध्ये विशेष चिंतेची बारा रसायने निवडली. त्यांतही ते आहे. २०२३ मध्ये ती छापायची यादी ऐंशीच्या वर गेली. इतक्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या पद्धतीने चाळणी लावली आणि दर वेळी हे नाव वर राहिले, याला योगायोग म्हणता येत नाही.

इथे प्रतिपक्षाच्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य केलेच पाहिजे. जिरॅनिऑल हा सुगंधी द्रव्यांतला सर्वांत उपद्रवी घटक नाही. दालचिनीतले सिनॅमल, आयसोयुजेनॉल किंवा ओकवरची दगडफुलासारखी वाढ यांच्याशी तुलना केली तर शुद्ध, ताजे जिरॅनिऑल सौम्य आहे. पण ‘शुद्ध’ आणि ‘ताजे’ हेच दोन शब्द इथे निर्णायक आहेत. हवेतल्या ऑक्सिजनशी संपर्क आला की जिरॅनिऑल हळूहळू बदलते आणि त्यातून जिरॅनिअल, नेरल आणि काही पेरॉक्साइडे तयार होतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात अॅन-थेरेस कार्लबर्ग यांच्या गटाने हे तपशीलवार दाखवले: हवेत राहून बदललेले जिरॅनिऑल मूळ द्रव्यापेक्षा कितीतरी जास्त अॅलर्जीकारक ठरते. शिवाय त्वचेतली विकरेही तोच बदल आतल्या आत घडवू शकतात, त्यामुळे बाटली घट्ट बंद ठेवली म्हणून प्रश्न पूर्ण सुटत नाही. आता हे आपल्या हवेत ठेवून पाहा. पश्चिम विदर्भात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात, एसटीच्या टपावरून आलेल्या खोक्यात, अर्धी वापरून खिडकीत ठेवलेल्या बाटलीत या तेलाचे काय होत असेल, याचा विचार ‘नैसर्गिक’ हा शब्द छापणाऱ्याने केलेला नसतो.

प्रमाण इतके कमी असते की काही होत नाही, हा पुढचा आक्षेप. आक्षेप वाजवी आहे, म्हणून हिशेबच करू. घरगुती कृतींत सांगतात त्याप्रमाणे पन्नास ग्रॅम कोरफडीच्या गरात रोशाच्या तेलाचे दहा थेंब घातले. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर होतो; म्हणजे हे अर्धा मिलिलिटर, वजनाने सुमारे ०.४४ ग्रॅम. त्यात ८० टक्के जिरॅनिऑल धरले तर ०.३५ ग्रॅम. पन्नास ग्रॅमांत हे प्रमाण ०.७ टक्के झाले. युरोपात त्वचेवर राहणाऱ्या मालात ०.००१ टक्क्याच्या वर गेले की नाव छापावे लागते. आपली डबी त्याच्या सातशे पट आहे. समितीने २०१२ मध्ये त्या बारा द्रव्यांसाठी बहुसंख्य ग्राहकांना सोसेल अशी जी सर्वसाधारण पातळी सुचवली ती ०.०१ टक्के, तिच्याही सत्तर पट. ती सूचना कायदा नाही, आणि सुगंध उद्योगाच्या स्वतःच्या संघटनेच्या मर्यादा तिच्यापेक्षा बऱ्याच सैल आहेत, हेही सांगायला हवे. पण ‘दहाच थेंब तर घातले’ या वाक्यातला ‘च’ या हिशेबानंतर उरत नाही. मोठ्या कारखान्यात निदान कुणीतरी वजन करून घालतो आणि मर्यादेचे कोष्टक उघडतो. घरगुती आणि हस्तनिर्मित म्हणून ज्या मालावर आपण जास्त भरवसा टाकतो, तिथेच प्रमाण हाताच्या अंदाजावर असते.

आणि ही डबी एकटी नसते. सकाळचा साबण, अंगाला पावडर, केसांना वासाचे तेल, चेहऱ्याला क्रीम, कपड्यांना वासाची धुण्याची पावडर, या सगळ्यांत बहुधा तीच दहा-वीस सुगंधी द्रव्ये आलटून पालटून असतात. शरीर प्रत्येक कंपनीचा वेगळा हिशेब ठेवत नाही. अॅलर्जीची रीतही अशी आहे की ती पहिल्या दिवशी दिसत नाही. लहान रेणू त्वचेच्या वरच्या थरातून आत शिरतो, प्रथिनाला चिकटतो, प्रतिकारपेशी त्याची ओळख पटवून ठेवतात. यात आठवडे जातात, कधी वर्षे. एकदा ओळख पटली की नंतर अगदी थोड्या मात्रेनेही खाज, पुरळ, सूज येते, आणि ही ओळख पुसणारे औषध नाही. म्हणून ‘मनगटावर लावून पाहिले, काही झाले नाही’ ही चाचणी चालत नाही. तिने फार तर झोंबते की नाही एवढे कळते. पुढे होणारी अॅलर्जी तिला दिसू शकत नाही, कारण ती अजून झालेलीच नसते.

पण असे किती जणांना होते, असे विचारले जाते. युरोपातल्या पाहण्यांनुसार सर्वसाधारण लोकसंख्येत सुगंधी द्रव्यांची अॅलर्जी एक ते तीन टक्के लोकांना असते; इसबाच्या रुग्णांत सुमारे सोळा टक्क्यांना. शंभरात तीन हा आकडा छोटा वाटतो तो औषधाच्या तराजूत. जीव वाचवणाऱ्या गोळीने शंभरात तिघांना पुरळ आले तर ती गोळी आपण देऊ. इथे समोरच्या पारड्यात काय आहे? गुलाबासारखा वास. ज्याचा त्वचेला काही लाभ नाही त्याच्यासाठी शंभरातल्या एकालाही जन्माची खोड लावून देणे मला मान्य नाही. शिवाय हे तीन टक्के सांगून येत नाहीत. आपण त्यांत आहोत हे लावून लावून, झाल्यावरच कळते.

आपल्या रंगाच्या त्वचेत तर ते कळणेही अवघड जाते, आणि या मुद्द्यावर सगळ्यात कमी बोलले जाते. गोऱ्या त्वचेवर अॅलर्जी लाल दिसते. सावळ्या त्वचेवर लाली झाकली जाते आणि मागे राहतो तो काळपट, राखाडी-तपकिरी डाग. जपानमध्ये १९७० च्या दशकात असंख्य स्त्रियांच्या चेहऱ्यावर असे काळे चट्टे उमटले. हिदेओ नाकायामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा कारण सौंदर्यप्रसाधनांतल्या काही रंगांत आणि सुगंधी द्रव्यांत सापडले. त्यांत यलांग-यलांगसारखे फुलांचे नैसर्गिक तेलही होते. ती द्रव्ये वगळलेली प्रसाधने दिल्यावर कित्येकींचे चट्टे उतरले. आपल्याकडे गालावर असा डाग आला की त्याला सरसकट वांग म्हणतात, उन्हाला नाहीतर बाळंतपणाला दोष देतात आणि डाग घालवायला आणखी एक सुवासिक क्रीम आणतात. ज्याने डाग आणला तेच दुप्पट लावले जाते. त्याने भागले नाही की औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब येते. सरकारने २०१८ मध्ये अशी कित्येक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले, तरी ती हातोहात मिळतात. स्टेरॉइड अॅलर्जी दाबून ठेवते, त्यामुळे खरे कारण आणखी खोल गाडले जाते आणि त्वचा पातळ होत जाते ती वेगळीच. चेहऱ्यावरचा डाग ही किरकोळ बाब आहे असे ज्याला वाटते त्याने लग्नाच्या वयाच्या मुलीच्या घरात त्या डागाची किंमत काय मोजली जाते हे आठवावे.

संग्रामपूरचे पाणीही या हिशेबात धरले पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा या तालुक्यातून जातो; विहिरी आणि बोअरचे पाणी क्षारांनी भरलेले. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्याचा थर अंगावर चिकटून राहतो, त्वचा ओढल्यासारखी कोरडी होते. कोरड्या, भेगाळलेल्या त्वचेचा वरचा थर दुबळा असतो आणि बाहेरचे रेणू त्यातून सोपेपणाने आत जातात. म्हणजे ज्या त्वचेला ओलाव्याची सर्वांत जास्त गरज आहे तीच सुगंधाला सर्वांत कमी तोंड देऊ शकते. तिला साधे खोबरेल, साधी पेट्रोलियम जेली, बिनवासाचे ग्लिसरीनयुक्त क्रीम पुरते. आणि ते स्वस्तही पडते. उलट एकदा अॅलर्जी झाली की तिचे निदान इथे सहज होत नाही. पाठीवर पट्ट्या लावायच्या, ४८ तासांनी काढून पाहायच्या, पुन्हा ७२ किंवा ९६ तासांनी पाहायच्या. संग्रामपूरहून अकोल्याला वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन हे करायचे म्हणजे आठवड्यात तीन खेपा आणि तीन दिवसांची मजुरी बुडीत. शहरातला सल्लागार ‘अॅलर्जी वाटली तर चाचणी करून घ्या’ असे एका ओळीत लिहितो, ती ओळ इथे एवढ्याला पडते.

निदान झालेच तर पुढे लेबल वाचावे लागते, आणि तिथे लेबल हात वर करते. कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे घटकांची यादी छापायची असते, पण ६० मिलिलिटरहून लहान द्रवाच्या आणि ३० ग्रॅमहून लहान घट्ट मालाच्या पाकिटांना त्यातून सूट आहे. गावातल्या दुकानात माळेने लटकतात ती नेमकी हीच पाकिटे. मोठ्या डबीवर यादी असते, तर तिच्या शेवटी कितीदा ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ एवढा एकच शब्द. त्याच्या पोटात काय आहे ते फक्त बनवणाऱ्याला ठाऊक. ज्याला जिरॅनिऑल सोसत नाही त्याने काय टाळायचे?

सर्वांत जड आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूने येतो. २०१७ पासून सीएसआयआरच्या अरोमा मिशनमधून लखनौची सीमॅप ही संस्था रोशाच्या सुधारित जातींची लागवड पसरवते आहे, आणि विदर्भ त्यात मुद्दाम घेतलेला आहे. कमी पाण्यावर येणारे, रानडुकरे आणि गुरे फारसे तोंड लावत नाहीत असे, एकदा लावले की काही वर्षे कापता येणारे हे पीक कापसाने बेजार झालेल्या शेतकऱ्याला आधार देऊ शकते. मग त्याच्या तेलाबद्दल असे लिहून त्याच्या पोटावर पाय का आणायचा? मी हा आक्षेप मनापासून गंभीरपणे घेतो, आणि म्हणूनच सांगतो की या पिकाचा खरा बाजार चेहऱ्याच्या सीरमचा नाही. रोशाचे तेल शतकभर खपले ते अत्तरात, साबणात, तंबाखूच्या मसाल्यात, आणि त्यातून काढलेल्या जिरॅनिऑलसाठी. तो बाजार वासावर उभा आहे, त्याला कांतीच्या खोट्या दाव्याची गरज नाही. जिरॅनिऑल डासांना दूर ठेवते, हा गुणही अभ्यासलेला आहे. उलट ‘त्वचेला अमृत’ म्हणून विकलेल्या मालाने चेहरे बिघडले की बदनाम होईल ते तेल, आणि पहिला फटका बसेल भट्टीवर गवत आणणाऱ्यालाच.

सुगंध म्हणजे विषच, सगळा बंद करा, असे म्हणणारेही आहेत. त्यांच्याशीही मी सहमत नाही. वासाने माणसाला बरे वाटते, हे छोटे सुख नाही. अंगावर पाच मिनिटे राहून पाण्याबरोबर वाहून जाणारा साबण आणि रात्रभर गालावर राहणारे क्रीम यांत फरक आहे. युरोपचा नियमही धुऊन जाणाऱ्या मालाला दहा पट जास्त मोकळीक देतो. साबणात, अगरबत्तीत, कपड्यावर लावायच्या अत्तरात रोशा खुशाल असू द्या. तिथेही नाव छापा, तेलाच्या बाटलीवर ते कधी काढले त्याची तारीख छापा, आणि बाळाच्या मालिशच्या तेलातून तर ते आजच काढून टाका. जे महिला बचत गट जेल आणि क्रीम बनवतात त्यांच्यासाठी बदल अगदी सोपा आहे: कृतीतला सुगंधाचा थेंब गाळायचा, डबीवर ‘बिनवासाचे’ असे ठळक लिहायचे, आणि वाचलेले तेल साबणाच्या वडीत घालायचे. क्रीमचा मऊपणा तसाच राहतो आणि खर्च कमी होतो.